बाराशे रुपयांची वाळू: लेकाच्या प्ले थेरपीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. पोराची गोष्ट आहे, शाळेतल्या कुणी वाचलं तर दोन मिनिटांत ओळखतील, आणि नाव टाकलं की "किती पैसे मिळाले लिहायचे" हे पण सुरू होतं. पुण्यात आहे, एवढं पुरे. रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण लांबलचक लिहिणारे कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा "व्हेरी गुड एक्सपिरियन्स, मस्ट व्हिजिट" ह्यापलीकडे कुणी काही लिहिलेलं सापडलं नव्हतं. मिसळीचं दुकान आहे का ते!

तर आमचं ध्यान साडेपाच वर्षांचं, सिनियर केजी. संक्रांतीनंतर एकदम बदलला. दोन वर्षं रात्री कोरडा राहणारा पोरगा रोज गादी ओली करायला लागला. बाथरूमचं दार लावू देईना. गाडीत बसला की पहिलं काम म्हणजे काच खाली, एसी चालू असला तरी, आणि वर केली की असा किंचाळायचा की सिग्नलला शेजारच्या रिक्षातले लोक वळून बघायचे. सोमवारी सकाळी पोटात दुखणं तर ठरलेलंच. आधी वाटलं जंत असतील. पीडियाट्रिशियनकडे नेलं, युरिन टेस्ट केली, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, त्या तडतडल्या पण भरपूर, पण गादी ओलीच.

मग मी तो उद्योग केला जो प्लीज कुणी करू नका.

रविवारी रात्री त्याला मांडीवर घेऊन बसले. डोक्यात अर्थातच तेच, आजकाल आईच्या डोक्यात दुसरं काय येणार. विचारलं, तुला कुणी बॅड टच केला का? गप्प. व्हॅनकाकांनी केला का? "हो." कुठे, इथे का? "हो." माझे हातपाय गार पडले. नवऱ्याने ऐकलं आणि तो उठून बाईकची किल्ली शोधायला लागला, काकाचं घर माहिती होतं त्याला. तेवढ्यात मी, मला काय सुचलं देव जाणे, विचारलं की टीचरनी पण केला का? "हो." आणि आज्जीने? "हो." शेजारी बसलेल्या सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. आणि आमचं ध्यान माझ्या तोंडाकडे टक लावून बघतंय, की अजून कशाला हो म्हणू म्हणजे ही रडायची थांबेल.

नवरा किल्ली हातात घेऊन तसाच उभा. आज्जीचं नाव आलं नसतं तर त्या रात्री काय झालं असतं ह्याचा विचार अजून नको वाटतो.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या ओळखीने एका काउन्सेलर बाईंकडे गेलो (हे वेगळं ठिकाण, हे पण नाव नाही लिहीत). सातशे रुपये फी. बाईंनी आम्हा दोघांच्या समोर त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "बेटा, कोणी त्रास दिला ते आंटीला सांगितलंस तर चॉकलेट मिळेल." त्याने विचारलं कुठलं चॉकलेट. मग व्हॅनकाका, टीचर, वर्गातला एक मुलगा अशी तीन नावं घेतली आणि चॉकलेट घेऊन बाहेर आला. बाई म्हणाल्या बघा, बोलला की नाही. आमची फाइल आणखी गढूळ झाली, बाकी काही नाही. बाईंनी कसला तरी वीकेंड कोर्स केला होता हे भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरून नंतर लक्षात आलं. आपल्याकडे काउन्सेलरची पाटी कुणीही लावू शकतं अशीच परिस्थिती आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे ते आरसीआय, रजिस्ट्रेशन लागतं, १९९२च्या कायद्याने. तो नंबर मागायचा, बिनधास्त मागायचा. प्लंबरला सुद्धा आपण चार प्रश्न विचारतो.

म्हणून ह्या सेंटरला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न रजिस्ट्रेशन नंबरचा विचारला. रिसेप्शनवरच्या मुलीने कपाळाला आठ्या घातल्या असाव्यात, आवाजावरून तरी, पण दहा मिनिटांत नंबर व्हॉट्सअॅपवर आला.

पहिली भेट फक्त आई-बाबांची, मुलाला आणायचंच नाही. दीड तास, पंधराशे रुपये. मला तेव्हा राग आला होता की त्रास ह्याला आणि मुलाखत आमची. पण ती भेटच सगळ्यात कामाची निघाली. थेरपिस्ट मॅडमनी (मुलं त्यांना ताई म्हणतात, मी पण पुढे ताईच लिहिते) पहिल्यांदा काय केलं असेल तर आम्हाला एक वही घेऊन लिहायला लावलं. रविवारी रात्री मी काय विचारलं, कुठल्या शब्दांत, आणि त्याने काय उत्तर दिलं, आठवतंय तसं, तारखेसकट. काउन्सेलर बाईंकडचं पण. मी म्हटलं त्याने तर सगळ्यांनाच हो म्हटलंय, ते लिहून काय उपयोग? तर म्हणाल्या, "तो तुमचा चेहरा वाचून उत्तरं देत होता. म्हणून ते खरं धरू नका. पण खोटं पण धरू नका. लिहून ठेवा आणि आजपासून विचारणं बंद."

हे "विचारणं बंद" ऐकायला सोपं आहे. करून बघा. पोरगं समोर बसलंय, त्याच्या पोटात काहीतरी आहे, आणि तुम्ही म्हणायचं काय तर "बाळा, अजून पोळी हवी का."

मुलं खोटं बोलतात असं त्यांचं म्हणणं अजिबात नव्हतं, हे नीट लिहिते कारण ह्या गोष्टीचा लोक लगेच उलटा अर्थ काढतात. मुद्दा एवढाच की "अमक्याने केलं का" हा प्रश्न लहान मुलाला प्रश्न वाटतच नाही, त्याला वाटतं मोठ्यांना उत्तर माहितीये आणि आपण ते बरोबर ओळखायचंय, शाळेत विचारतात तसं. ताईंनी अमेरिकेतल्या एका प्रकरणाचा उल्लेख केला, मी घरी येऊन वाचलं, कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर आरोप झाले, मग शेकडो मुलांना परत परत असेच सूचक प्रश्न विचारले गेले, मुलांनी अशक्य अशक्य गोष्टी सांगितल्या, खटला १९९० पर्यंत रखडला आणि शेवटी एकालाही शिक्षा नाही. खरं काय घडलं, घडलं का नाही, ते शोधायची वाटच त्या प्रश्नांनी बुजवून टाकली. हे वाचल्यावर मी आमची ती वही दोनदा वाचली आणि माझी मलाच लाज वाटली.

अजून एक गोष्ट त्यांनी त्याच भेटीत स्पष्ट सांगितली जी मला फार आवडली. लैंगिक शोषणाचं काही पुढे आलं तर ते आपल्यात राहणार नाही. पॉक्सो कायद्यात, २०१२चा आहे तो, कळवणं बंधनकारक आहे, तुम्ही नको म्हणालात तरी मला कळवावं लागेल, न कळवणं हाच गुन्हा. नवरा थोडा टरकला, पोलीस म्हटलं की टरकतोच माणूस. तर त्यांनी हे पण सांगितलं की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, सब-इन्स्पेक्टरच्या खालची नाही, आणि गणवेशात यायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय. हे आम्हा दोघांना, दोन इंजिनियरांना, माहिती नव्हतं.

आता खोलीबद्दल. साधारण बारा बाय दहाची. खाली सतरंजी, एका भिंतीला पार खालपासून शेल्फ, मुलाचा हात पोचेल एवढ्याच उंचीचे. त्यावर खेळणी, पण महागातली इम्पोर्टेड अशी फार नाहीत. तुळशीबागेतली पितळी भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळं, प्लास्टिकचे प्राणी, मोटारी, अॅम्ब्युलन्स, डॉक्टरचा सेट, एक आजी-आजोबांपासून बाळापर्यंत अख्खं बाहुल्यांचं कुटुंब, एक राक्षस, दोन हातमोज्याच्या बाहुल्या, एक पोलीस. आणि मधे वाळूचा ट्रे. हा ट्रे आतून निळा असतो, म्हणजे वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसतं. मला आधी वाटलं ह्यांची आयडिया आहे, पण ही पद्धत शंभरेक वर्षं जुनी आहे, १९२०च्या दशकात लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड म्हणून मुलांच्या डॉक्टर होत्या त्यांच्यापासूनची.

लेकाला काय सांगून आणायचं ह्याचं पण ट्रेनिंग मिळालं. डॉक्टरकडे चाललोय म्हणायचं नाही, "मजा आहे चल" असं फसवायचं पण नाही. वाक्य असं होतं: "एका ताईकडे खेळायची खोली आहे, मुलांना कधी कधी पोटात जड वाटतं ना, तेव्हा तिथे जाऊन खेळता येतं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाही वाटलं तर नाही." तो म्हणाला इंजेक्शन आहे का. नाही. मग बरं.

खोलीचे नियम तीन. स्वतःला लागेल असं करायचं नाही, ताईला मारायचं नाही, खेळणी मुद्दाम तोडायची नाहीत. बाकी काहीही. काय खेळायचं ते तोच ठरवणार, ताई सुचवणार पण नाहीत. पंचेचाळीस मिनिटं, संपायला पाच मिनिटं असताना सांगतात. आई-बाप बाहेर. फक्त पहिल्या सेशनला, तो मला सोडेना म्हणून, मी कोपऱ्यात बसले होते आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत मला वाटलं की ही बाई काहीच करत नाहीये! तो ट्रकमध्ये वाळू भरतोय, ह्या म्हणतायत "भरतोयस." तो ओततोय, "सगळी ओतलीस." तो हत्तीला राक्षसावर ठेवतो, "हत्ती वर बसला." वा छान नाही, शाब्बास नाही, हा कुठला रंग नाही. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला बाराशे रुपयांत वाळू? तेवढ्यात आपल्याकडे बांधकामाची पाच पोती येतील.

पण गंमत बघा, दुसऱ्या सेशनला तो स्वतः बूट काढून आत पळाला.

ताईंच्या बाजूने अजून एक मोठा पॉइंट, भाषा. पुण्यात असून आम्हाला आधी दोन जणी अशा मिळाल्या होत्या ज्या मुलांशी इंग्लिशमध्येच बोलतात, म्हणे मुलं इंग्लिश मिडियमची आहेत ना. अहो शाळा इंग्लिश असेल, पोरगं रडतं मराठीत. मी स्वतः आधी ऑनलाइन साडेपाचशेला ती भावनांची कार्डं मागवली होती, पिवळे गोल चेहरे, खाली इंग्लिश शब्द, फ्रस्ट्रेटेड, ओव्हरव्हेल्म्ड, एम्बॅरस्ड. त्याला दाखवली तर तो म्हणाला हा इमोजी आज्जीच्या फोनमधे पण आहे. संपलं. (कार्डं छान जाड आहेत, आता चहाच्या कपाखाली जातात. प्रॉडक्टला दोन स्टार.) ताई भावनेचं नाव विचारतच नाहीत, त्या विचारतात कुठे होतं. आणि मराठीत तर सगळं अंगातच होतं ना, पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशाशी येतं, अंगावर काटा येतो, जीव गुदमरतो. साडेपाच वर्षांच्या मुलाला फ्रस्ट्रेटेड माहिती नसतं पण पोटातला गोळा बोट ठेवून दाखवता येतो. त्याने एका कागदावर माणूस काढून पोटात काळा गोळा गिरगटला होता, इतका दाबून की कागद फाटला.

तिसऱ्या सेशनला त्याने बस वाळूत पुरली. हे ताईंनी मला सेशनला काय काय झालं असं सांगितलं नाही हं, त्यांचा नियम आहे, आतलं सगळं बाहेर सांगत नाहीत, फक्त थीम काय आहे आणि घरी काय सांभाळायचं ते सांगतात. त्याला ते आधी विचारतात पण की आईला काय सांगू. हे बसचं सांगितलं चाललं त्याला. बस पूर्ण पुरली, वर हाताने थापटली. ताई म्हणाल्या "बस आत गेली." तो म्हणाला, "आत एक जण आहे." ताई म्हणाल्या, "आत एक जण आहे." बस्स. कोण आहे विचारलं नाही! मी असते तर लगेच विचारलं असतं, कोण आहे रे, तू आहेस का, कुणी टाकलं, आणि झालं असतं मग. चौथ्याला पण हेच. पाचव्याला त्याने अॅम्ब्युलन्स आणली, पण ती बसपर्यंत पोचेना, मधेच तिचं पेट्रोल संपलं.

आणि मग त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी घरी मटार सोलताना. मी नव्हते, ऑफिसमधे होते. सासूबाई सोलतायत, हा शेजारी बसून दाणे खातोय, टीव्ही बंद, त्या पण काही बोलत नव्हत्या. आणि हा एकदम म्हणाला, "आज्जी, व्हॅनचं दार आतून उघडतच नाही."

आता माझ्या सासूबाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. वरण उतू गेलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई. त्या मटार सोलत राहिल्या. फक्त म्हणाल्या, "आतून उघडत नाही होय." तो म्हणाला, "मी खूप जोरात वाजवलं." "जोरात वाजवलंस." "पण काका जेवायला गेलेला." "मग?" "मग मला शू झाली."

पुढे तुकड्या-तुकड्यांत, आज्जीला, ताईंना, मग एकदा अंघोळ करताना मला, सगळं आलं ते असं. त्या दिवशी व्हॅनमधली बाकीची मुलं स्पोर्ट्स डेच्या प्रॅक्टिसला थांबलेली. हा एकटाच, मागच्या सीटवर झोपून गेला. काकाला वाटलं गाडी रिकामी, त्याने स्वतःच्या घराखाली गाडी लावली, लॉक केली आणि वर जेवायला गेला. किती वेळ ते त्याला सांगता येत नाही, "खूप मोठा वेळ", पण काकाच्या हिशेबाने अर्धा तास. जाग आली तेव्हा काचा बंद, दार उघडेना, बाहेरून लोक जातायत आणि कुणी बघत नाही. जानेवारी होता म्हणून. एप्रिल-मे असता तर बंद गाडीत दहा मिनिटांत काय होतं ते पेपरात दरवर्षी येतं, मी पुढे लिहीत नाही.

सासूबाईंना तेव्हा आठवलं की हो, एक दिवस तो ओल्या पँटने आला होता, उशीर झालेला, आणि काका म्हणाला पंक्चर झालं होतं. त्यांनी शाळेतच झाली असेल म्हणून पँट बदलली आणि विसरून गेल्या. त्यांना अजून ते लागलंय.

पण तो सांगत का नव्हता? मला वाटत होतं की त्याला भीती वाटली असेल, कुणी धमकी दिली असेल. काकाने धमकी दिलीच नव्हती. काका रडला होता. ह्याला जवळ घेऊन रडला आणि म्हणाला, कुणाला सांगू नको बाळा, नाहीतर काकाची गाडी जाईल. काका ह्याचा फेव्हरेट, रोज खडीसाखर देणारा. म्हणजे आमचं साडेपाच वर्षांचं पोरगं दीड महिना एका मोठ्या माणसाची नोकरी पोटात धरून बसलं होतं. आणि मी त्याला विचारत होते काकांनी हात लावला का!

ताईंनी ह्यावर त्याच्याशी काय बोलायचं ते अगदी शब्दाला शब्द सांगितलं. "तू सांगितलंस ते बरं केलंस. दार उघडलं नाही ह्यात तुझी चूक नाही. काकाचं काय करायचं ते मोठी माणसं बघतील, ते तुझं काम नाही." आणि "कुणाला सांगणार नाही" असं प्रॉमिस त्याला कधीच द्यायचं नाही, कारण पाळता येत नाही आणि मग पुढच्या वेळी तो येणारच नाही आपल्याकडे. त्याऐवजी सरप्राइज आणि सिक्रेटमधला फरक: सरप्राइज सगळ्यांना कळणारच असतं, बाबाच्या बर्थडेचा केक, आणि पोटात गोळा येतो ते सिक्रेट ठेवायचं नसतं, कुणी कितीही लाडकं सांगत असलं तरी.

व्हॅनचं काय केलं ते थोडक्यात. शाळेत जाऊन बोललो. शाळेचं पहिलं उत्तर, व्हॅन आमची नाही, पालकांनी लावलेली आहे. मग आम्ही २०११चे स्कूल बसचे नियम काढून नेले, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, गाडीत मदतनीस हवा असं सगळं आहे, कागदावर. आता त्या रूटला एक मावशी बसतात आणि उतरताना सीटा बघतात. काकाने व्हॅन सोडली, कुणी काढलं नाही, स्वतःच. लेकाने विचारलं काकाची गाडी गेली का. मी खरं सांगितलं की त्याने दुसरं काम घेतलं. दोन दिवस रुसला माझ्यावर. ताई म्हणाल्या रुसू दे.

आता एक स्टार कापला त्याची कारणं. पहिलं, एक सेशन दोन तास आधी कॅन्सल केलं, आणि आम्ही हडपसरवरून निघालेलो. कारण खरंच इमर्जन्सी होती, पण मग तसं रिसेप्शनने नीट सांगावं की, "मॅम अव्हेलेबल नाहीत" म्हणून फोन ठेवायचा? दुसरं, वेटिंगमधे चार खुर्च्या आणि भिंत इतकी पातळ की आतल्या मुलाचं रडणं बाहेर ऐकू येतं. एकदा आतली मुलगी कुणावर तरी ओरडत होती, शब्द कळले नाहीत पण माझा लेक पुतळ्यासारखा बसला. पंखा फुल सोडण्यापेक्षा एखादं गाणं लावा, रेडिओ ठेवा, काहीतरी करा. तिसरं, शाळेला द्यायला लेखी काही मागितलं तर दोन आठवडे लागले आणि आलं ते अर्धं पान.

पैसे पण सांगते, कुणी सांगत नाही. आमची पहिली भेट १५००, मुलाची सात सेशन्स १२०० ने, मधे आम्हा दोघांच्या दोन भेटी ८०० ने. एकूण ११,५००. इन्शुरन्समधून एक रुपया नाही, आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही. हे सगळ्यांना परवडणारं नाही हे मला कळतं, आमच्या कामाच्या मावशींना मी कुठल्या तोंडाने सांगू. ज्यांना नाही जमत त्यांनी १४४१६ लावा, ते सरकारचं टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ मध्ये सुरू झालं, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, मी दुसऱ्या सेशनच्या आधी रात्री अकराला एकदा लावलेला, मुलासाठी नाही, माझ्यासाठी. आणि मूल धोक्यात आहे असं वाटलं तर १०९८, चोवीस तास. हा नंबर १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला. लेकाला पाठ करून दिलाय, दहा-नऊ-आठ, उलटी मोजणी असल्यासारखा म्हणतो.

नवऱ्याचं मत वेगळं आहे, तेही लिहिते नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिलंस. त्याचं म्हणणं शेवटी सांगितलं ते आज्जीला मटार सोलताना, फुकटात, मग अकरा हजार कशाचे? मी हे ताईंना पण बोलून दाखवलं. त्यांना राग आला नाही, म्हणाल्या बरोबर आहे, मुलं बहुतेक वेळा हात कामात असताना आणि कुणी तोंडाकडे बघत नसतानाच बोलतात, गाडीत मागे बसून, भांडी लावताना, झोपायच्या आधी अंधारात. मला विचाराल तर अकरा हजार त्या "आतून उघडत नाही होय" ह्या वाक्याचे. वहीत ताईंनी लिहून दिलेलं होतं की तो बोलला तर त्याचंच वाक्य परत म्हणायचं, पुढचं विचारायचं नाही, आणि ती वही फ्रिजवर चिकटवलेली होती, सासूबाईंनी चष्मा लावून वाचलेली. नाहीतर त्या दिवशी मटाराची परात उडाली असती आणि आमचं ध्यान परत गप्प.

दृष्ट काढण्याबद्दल मी घाबरत घाबरत विचारलं होतं, म्हटलं ह्या मॅडम हसतील. त्या म्हणाल्या त्या वेळी तो कसा असतो? मी म्हटलं शांत बसतो, डोळे मिटून. मग काढा की, म्हणाल्या.

शेवटच्या सेशनला अॅम्ब्युलन्सला पेट्रोल मिळालं, एवढंच मला कळलंय. आता गादी आठवड्यातून एखाद्या वेळी ओली होते, बाथरूमचं दार अर्धं लावतो, गाडीची काच अजून खालीच, आणि मे महिन्यात एसी लावून काच खाली हे पेट्रोलच्या दृष्टीने काय आहे ते मला सांगू नका. सासूबाईंनी त्याला तुळशीबागेतून दीडशे रुपयांची पिवळी व्हॅन आणली, मी घाबरलेच, म्हटलं कशाला आणलीत. त्याने ती बघितली, फिरवली, आणि पहिल्यांदा काय केलं तर दार उपटून काढलं. मी फेविक्विक आणलं तर म्हणाला राहू दे.

जायचं असेल तर अपॉइंटमेंट व्हॉट्सअॅपवरच घ्या, फोन क्वचित उचलतात. शनिवारचे स्लॉट महिनाभर आधी भरतात, बुधवार दुपार मिळते. पार्किंग नाही, टू-व्हीलरने जा. आणि मुलाला वाळूत खेळायचे कपडे घाला, आमचा एक चांगला शर्ट गेला.